फाइल आधी, लॅपटॉप नंतर: एका लग्न-स्टुडिओची खरेदी

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ. मालकांना इथे दादा म्हणू. नाव-गाव आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत, रकमा गोल केल्या आहेत. अशा छोट्या स्टुडिओंना यंत्रं निवडून आणि जोडून देणं हे माझं काम, त्यामुळे या खरेदीत मी सुरुवातीपासून होतो.

दादांच्या वडिलांनी पासपोर्ट फोटो आणि फ्रेमच्या दुकानापासून सुरुवात केली, दादांनी व्हिडिओचं काम वाढवलं. हल्ली गिऱ्हाईक तीन गोष्टी मागतं: सगळे विधी असलेली लांब फिल्म, पाच-सहा मिनिटांची सिनेमॅटिक आणि इन्स्टाग्रामसाठी रील. त्यात 'सेम डे एडिट'ची भर पडली आहे. दुपारी अक्षता पडल्या की संध्याकाळच्या रिसेप्शनला एलईडी वॉलवर तीन मिनिटांची फिल्म झळकली पाहिजे. म्हणजे मंगल कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात एक्स्टेन्शन बोर्ड ओढून घ्यायचा आणि बाहेर पंगती उठत असताना आत कटिंग करायचं.

स्टुडिओत एडिटिंगचं यंत्र एकच, २०१९ साली घेतलेला गेमिंग लॅपटॉप. इंटेल आय५ ९३००एच प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, त्याची स्वतःची मेमरी ४ जीबी, रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. दिवसा दादा त्यावर एडिट करायचे. रात्री धाकटा चुलतभाऊ, जो आता एडिटिंग शिकतोय, मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळायचा. अधूनमधून दादाही बसायचे, पण ते कबूल करायला जरा वेळ लागला.

कॅमेरे दोन. जुना सोनी ए७ थ्री आणि २०२४च्या सुरुवातीला घेतलेला ए७ फोर.

अडचण

तक्रार साधी होती. "नवा कॅमेरा आला आणि लॅपटॉप म्हातारा झाला," दादा म्हणाले. ए७ थ्रीच्या क्लिप टाइमलाइनवर बऱ्यापैकी पळायच्या. ए७ फोरची क्लिप टाकली की चित्र अडखळायचं, आवाज पुढे आणि नवरी मागे. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं तर पाहायलाच नको. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढणं, रात्रभर चालायचं आणि त्यावर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) टाकलेलं असलं तर मध्येच ग्राफिक्सची मेमरी संपून बंद पडायचं.

दादांनी तीन दुकानांत विचारून झालं होतं. तिन्हीकडे उत्तर एकच: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचा घ्या, डोळे झाकून घ्या. खर्चाची मर्यादा १ लाख २० हजार. सप्टेंबर २०२४ चालू होता, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होणार होती आणि दसऱ्याच्या ऑफर तोंडावर होत्या.

खरेदीआधी एक काम करायचं असं ठरलं. कार्डवरच्या फाइल उघडून पाहायच्या. मीडियाइन्फो नावाचं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाकली की तिची कुंडली समोर येते. ए७ थ्रीच्या क्लिपमध्ये लिहिलेलं होतं: एव्हीसी, ८ बिट, ४:२:०. ए७ फोरच्या क्लिपमध्ये: एव्हीसी, १० बिट, ४:२:२. मग टास्क मॅनेजर उघडून त्यातल्या 'व्हिडिओ डिकोड'च्या आलेखाकडे बघत दोन्ही क्लिप चालवल्या. पहिली चालू असताना आलेख वर चढला आणि प्रोसेसर निवांत राहिला. दुसरी लावली तर आलेख जमिनीवर, प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि पंखा सुसाट.

सगळ्या खरेदीचं मर्म या दोन ओळींत होतं, म्हणून थोडं खोलात जातो. एव्हीसी म्हणजेच एच.२६४ आणि एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ या व्हिडिओ घट्ट दाबून साठवण्याच्या पद्धती. चालवताना तो व्हिडिओ पुन्हा उलगडावा लागतो. त्यासाठी प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आणि ग्राफिक्स कार्डात वेगळा भाग असतो. तो ठरावीक प्रकारच्याच फाइल उलगडतो. प्रकार त्याच्या यादीत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि मग कार्ड कितीही दांडगं असलं तरी ते नुसतं बघत बसतं.

१० बिट म्हणजे ८ बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा, ४:२:२ म्हणजे चित्रात रंगाची माहिती ४:२:०च्या दुप्पट. ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग बसवायला चांगली, उलगडायला जड. २०२४च्या शरदात बाजारात परिस्थिती अशी होती:

एच.२६४, ८ बिट, ४:२:०: सगळं काही उलगडतं, जुना लॅपटॉपसुद्धा.
एच.२६५, १० बिट, ४:२:०: हेही जवळपास सगळीकडे चालतं, दादांच्या जुन्या लॅपटॉपवरही.
एच.२६५, १० बिट, ४:२:२: इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधला उलगडणारा भाग, म्हणजे क्विक सिंक, उलगडतो, ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप उलगडतात. एनव्हिडियाची ४० मालिकेपर्यंतची कार्डं (४०६० त्यातलंच) उलगडत नाहीत, तेव्हाचे एएमडीचे लॅपटॉप प्रोसेसरही नाहीत.
एच.२६४, १० बिट, ४:२:२: दादांच्या आवाक्यातल्या एकाही विंडोज लॅपटॉपच्या यादीत नाही.

आणि दादा नेमके शेवटच्या प्रकारात शूट करत होते. कॅमेरा घेताना कुणीतरी "४:२:२ ठेव, क्वालिटी येते" असं सांगितलं होतं, ते तसंच राहिलं. म्हणजे दुकानदाराचं ऐकून ४०६० आणला असता तरी एक्स्पोर्ट भराभर झालं असतं, पण टाइमलाइन अडखळायची ती अडखळलीच असती. लाखभर रुपये घालून रोजची कटकट कायम.

पहिला निर्णय: लॅपटॉप लागतो तरी का?

हा प्रश्न दादांना आवडला नाही. मनात खरेदी पक्की झालेल्या माणसाला तो आवडत नाहीच. पण विचारणं भाग होतं. कॅमेऱ्याच्या मेनूत दोन बदल केले असते, रॅम १६ जीबी केली असती, तर जुन्या लॅपटॉपवर आणखी एक सीझन निभावला असता. ए७ फोरमध्ये मूळ फाइलसोबत हलकी प्रॉक्सी फाइलही रेकॉर्ड करता येते. तिचं नाव मूळ नावापुढे 'एस०३' लागून वेगळ्या फोल्डरात बसतं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती जोडली की कटिंग प्रॉक्सीवर आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. खर्च शून्य.

दोन गोष्टींनी पारडं खरेदीकडे झुकलं. एक, ४ जीबी ग्राफिक्स मेमरी. ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन थर चढवले की ती पुरत नव्हती, आणि लॅपटॉपमधलं कार्ड काही बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट स्क्रीन. जुन्या लॅपटॉपचा पॅनेल ४५ टक्के एनटीएससीचा होता, म्हणजे एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपट्ट्याचा साधारण ६०-६५ टक्के भागच तो दाखवू शकतो. २०१९मधल्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये हे सर्रास असायचं, आजही असतं. दादांनी एका हळदीची क्लिप दाखवली. त्यांच्या स्क्रीनवर हळद मरगळलेली दिसायची, म्हणून ते सॅच्युरेशन वाढवायचे. तीच फिल्म मी माझ्या फोनवर लावली. नवरीच्या गालावरची हळद हायलायटर पेनने रंगवल्यासारखी चमकत होती आणि मागचा झेंडूचा पडदा एकसंध नारिंगी पट्टा झाला होता, पाकळ्या गायब. दादा बराच वेळ फोन हातात धरून होते. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण लग्नाच्या फिल्ममध्ये रंग भडक असले तर लोकांना ते सणासुदीचंच वाटतं. पण शालूचा खरा रंग कुठला, हे एडिट करणाऱ्यालाच दिसत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

दुसरा निर्णय: कोणत्या जातीचं यंत्र?

मॅकबुक. कामाच्या दृष्टीने उत्तम. बॅटरीवरही तोच वेग, पंख्याचा आवाज नाही, स्क्रीन चोख. पण तेव्हा एम३ मॅकबुक एअर १ लाख १४ हजार ९००पासून सुरू व्हायचा आणि त्यात रॅम ८ जीबी, साठवण २५६ जीबी. रॅम नंतर वाढवता येत नाही. १४ इंची मॅकबुक प्रो तर मर्यादेच्या पार बाहेर. शिवाय व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही, जीटीए ५ सुद्धा मॅकसाठी निघालेला नाही. धाकट्याने इथे ठाम नकाराधिकार वापरला. गंमत अशी की ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, ॲपलने त्याच किमतीत एअरची रॅम १६ जीबी केली. तोवर आमची खरेदी होऊन गेली होती. खेळाची अट नसती तर मी दादांना थांबायला सांगितलं असतं.

डेस्कटॉप. त्याच पैशांत सगळ्यात जास्त ताकद इथे मिळते, वर बरा मॉनिटरही बसतो. एका असेंबलरचं कोटेशन आलं होतं, भाव चांगला होता, पण प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' होता: आय५ १३४००एफ. एफ म्हणजे आतलं अंगचं ग्राफिक्स बंद. गेमिंगवाल्याला फरक पडत नाही, तो हजार-दोन हजार वाचवतो. व्हिडिओवाल्याचं मात्र क्विक सिंकच जातं. एफ काढून पुन्हा कोटेशन मागवता आलं असतं, पण सेम डे एडिटने डेस्कटॉपचा विषय संपवला. कार्यालयात लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात यूपीएस नसलेला डेस्कटॉप जागच्या जागी बंद होतो. लॅपटॉप बॅटरीवर जातो, मंदावतो, पण मरत नाही.

पातळ, ओएलईडी स्क्रीनचे 'क्रिएटर' लॅपटॉप. दिसायला देखणे, रंग लाजवाब. आमच्या किमतीत मिळणाऱ्यांत रॅम बोर्डावरच जोडलेली, १६ जीबी म्हणजे जन्मभर १६ जीबी, आणि कार्ड कमी वॅटचं. त्याशिवाय टाइमलाइनच्या पट्ट्या आणि मेनू तासन्‌तास एकाच जागी दिसत राहिले तर ओएलईडीवर कालांतराने त्यांचा ठसा उमटण्याची धास्ती असते. वर्षाला चार रील करणाऱ्याला मी हे लॅपटॉप सुचवले असते. दिवसाचे दहा तास प्रीमियर उघडं ठेवणाऱ्याला नाही.

उरले गेमिंग लॅपटॉप, आणि खरी घासाघीस इथे झाली.

तिसरा निर्णय: स्टिकरवर जे लिहिलेलं नसतं

दोन लॅपटॉप अंतिम यादीत आले. पहिला एएमडी रायझन ७ आणि आरटीएक्स ४०६०, दसरा ऑफरमध्ये जवळपास आठ हजारांनी स्वस्त. दुसरा इंटेल आय७ १३६५०एचएक्स आणि तोच ४०६०, १ लाख १२ हजारांना. दुकानदाराचं म्हणणं, रायझन थंड राहतो आणि बॅटरी जास्त टिकते. यात तथ्य होतं. केवळ गेमिंगसाठी असता तर मीही तोच उचलला असता. पण ४:२:२चं शूटिंग आता एच.२६५वर न्यायचं होतं आणि ४:२:२ एच.२६५ उलगडण्यासाठी लागणारं क्विक सिंक फक्त इंटेलमध्ये. आठ हजार त्यासाठी मोजले.

दुसरी खाचखोच कार्डाच्या वॅटची. लॅपटॉपमधला ४०६० हे एकच कार्ड नसतं. कंपनी त्याला किती वीज देते त्यावर त्याचा जोर ठरतो. ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत, वर डायनॅमिक बूस्ट धरून १४० पर्यंत. पातळ लॅपटॉपमधला कमी वॅटचा ४०६० आणि जाड लॅपटॉपमधला १४० वॅटचा ४०६० स्टिकरवर जुळे भाऊ दिसतात, एक्स्पोर्टला लावले की ओळख पटते. हा आकडा दुकानाच्या कार्डावर नसतो, कंपनीच्या तपशीलपत्रात बारीक अक्षरात असतो. आम्ही निवडलेल्यात १४० होता.

तिसरी, स्क्रीन. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन पॅनेल विकले जात होते, एक ४५ टक्के एनटीएससीचा आणि एक १०० टक्के एसआरजीबीचा. मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत तेवढा फरक. दुकानात शोकेसला लावलेला होता चांगला पॅनेलवाला आणि गोडाऊनमधून येणारं खोकं दुसऱ्या क्रमांकाचं. दादांनी खोक्यावरचा क्रमांक फोनवर वाचून दाखवला म्हणून वेळीच कळलं, नाहीतर हळदीचा खेळ पुन्हा तोच.

इथे एक वाद झाला तोही नोंदवतो. ४०५० घेतला असता तर साधारण पंधरा हजार वाचले असते. धाकट्याच्या खेळांना तो पुरून उरला असता. व्हॅलोरंट तर जुन्या लॅपटॉपवरही पळत होता आणि जीटीए ५ आता काही नवा खेळ नाही. पण ४०५०ची मेमरी ६ जीबी, ४०६०ची ८. नॉइज रिडक्शन अडायचं ते मेमरीवरच, म्हणून ४०६०. म्हणजे महाग कार्ड एडिटिंगसाठी घेतलं, गेमिंगसाठी नव्हे. घरात मात्र उलटाच समज आहे आणि धाकट्याला त्यावरून अजून ऐकावं लागतं.

सर्व्हिसचाही विचार केला. घरी येऊन दुरुस्ती मिळेल की लॅपटॉप घेऊन शहरात जावं लागेल, हे कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघितलं. ऐन मुहूर्ताच्या आठवड्यात लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला अडकला तर दुसरं यंत्र नाही, म्हणून ऑनसाइट वॉरंटी आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतली.

पैशांची बाजू

स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला आहे, तेव्हा बिल स्टुडिओच्या नावाने आणि जीएसटी क्रमांक टाकूनच घ्यायचं ठरलं. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख १२ हजारांत सतरा हजारांच्या आसपास कर. इनपुट क्रेडिट मिळालं की प्रत्यक्ष भार तेवढा हलका होतो. दादा नाहीतर सवयीने स्वतःच्या नावावरच बिल करून आले असते. धाकट्याच्या रात्रीच्या वापराचं कागदावर काय करायचं ते सीएंवर सोडलं.

'नो कॉस्ट ईएमआय'ची ऑफरही होती. व्याजाइतकी सूट दुकान देतं हे खरं, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लावते. दादांकडे साखरपुड्यांचे ॲडव्हान्स जमा होते, त्यांनी एकरकमी पैसे भरून हप्ता टाळला.

सीएंनी एक मुद्दा काढला तो आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हता. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर त्या वर्षापुरता निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतला तर पूर्ण, आणि १२ ऑक्टोबरच्या दसऱ्याला घेतला तर निम्मा. दादांच्या आईंनी दसऱ्याशिवाय दुसऱ्या दिवसाला परवानगी दिली नाही. उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतोच, त्यामुळे कुणी फार ताणलं नाही. लॅपटॉपला झेंडूचा हार आणि कुंकू लागलं. कुंकू कीबोर्डवर लावू नका एवढं मी फोनवर बजावलं होतं.

काय काय केलं

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅमची एकच पट्टी होती. दुसरी १६ची घातली. त्याने एकूण ३२ झाली आणि दोन पट्ट्या जोडीने चालू लागल्या की वेगही वाढतो. रिकाम्या खाचेत १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवली. साठवणीचा हिशेब आधीच केला होता: १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगचा एक तास म्हणजे ४५ जीबी, २०० मेगाबिटचा ९० जीबी. दोन कॅमेरे आणि दिवसभराचं लग्न म्हटल्यावर ५१२ जीबी दोन लग्नांत भरणार, हे उघड होतं. संपलेली लग्नं बाहेरच्या दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुकानात आणि एक घरी.

लॅपटॉपला एसडी कार्डाची खाच नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये ती बहुधा नसतेच, आणि हे लक्षात येतं ते कार्यालयात कार्ड हातात घेऊन उभं राहिल्यावर. यूएचएस-२ कार्ड रीडर आधीच मागवून ठेवला.

पण सगळ्यात मोठा बदल लॅपटॉपमध्ये नाही, कॅमेऱ्यात झाला. इथेही सरळ मार्ग नव्हता. ए७ फोरवर ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीत एच.२६५, म्हणजे सोनीच्या भाषेत एक्सएव्हीसी एचएस, ४केमध्ये २५ फ्रेमला मिळतच नाही, ५० फ्रेमला मिळतं. आणि ५० फ्रेम ठेवलं की हा कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, चित्र दीडपट जवळ येतं. आपल्याकडच्या मांडवात, जिथे आंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मामा, करवल्या आणि फोन उगारलेले निम्मे पाहुणे उभे असतात, तिथे दीडपट जवळ म्हणजे फ्रेममध्ये नुसती डोकी.

म्हणून काम वाटून दिलं. सप्तपदी, कन्यादान, मंगलाष्टकं असे लांब, सलग विधी ए७ फोरवर २५ फ्रेम, ८ बिट, ४:२:० आणि साध्या पिक्चर प्रोफाइलमध्ये. ८ बिटमध्ये लॉग प्रोफाइल (नंतर रंग बसवण्यासाठी मुद्दाम फिकं घेतलेलं चित्र) वापरायचं नाही, आकाशात आणि भिंतींवर रंगांच्या पायऱ्या दिसायला लागतात. प्रवेश, अक्षता, वरात, नवरीचा साज असे स्लो मोशनचे तुकडे ५० फ्रेम, १० बिट, ४:२:२ एच.२६५मध्ये. त्यांना तसंही जवळूनच घ्यायचं असतं. ए७ थ्री होता तसाच ठेवला. दोन्ही सेटिंग कॅमेऱ्याच्या डायलवरच्या क्रमांकांवर जतन केली, म्हणजे गर्दीत मेनू उघडायची वेळ येऊ नये.

प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्हीच्या हार्डवेअर डिकोडिंगवर खूण केली.

निष्पत्ती

नोव्हेंबर-डिसेंबरचा सीझन सुरळीत गेला. ४:२:२चे तुकडे टाइमलाइनवर प्रॉक्सीशिवाय चालू लागले, मल्टिकॅम कटिंग थेट होऊ लागलं. रात्रभराचं एक्स्पोर्ट जेवण होईपर्यंत आटोपायला लागलं. सेम डे एडिट पूर्वी दादा फक्त ओळखीच्या घरांत घ्यायचे, आता ते दरपत्रकात छापलं.

रंगांचा परिणाम व्हायला वेळ लागला. नव्या स्क्रीनवर सुरुवातीला दादांना सगळंच भडक वाटलं आणि त्यांनी पहिल्या दोन फिल्म उलट फिक्या केल्या. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, पैठणीचा जांभळा असा उडालेला का दिसतोय? डोळ्याला नव्या पडद्याची सवय व्हायला महिना गेला.

मग डिसेंबरच्या मध्यावर फोन आला. "लॅपटॉप पुन्हा पहिल्यासारखा करायला लागलाय." स्लो मोशनच्या क्लिप अडखळत होत्या. दोघांनी ड्रायव्हर काढून घातले, प्रीमियर पुन्हा बसवलं, तरी काही नाही. जाऊन टास्क मॅनेजर उघडला तर ग्राफिक्सच्या यादीत एकच नाव, एनव्हिडिया. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स गायबच. आदल्या रात्री धाकट्याने खेळाच्या फ्रेम वाढाव्यात म्हणून लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारा स्विच, 'फक्त डिस्क्रीट (वेगळं) कार्ड'वर टाकला होता. खेळासाठी ते बरोबरच, कारण स्क्रीन थेट कार्डाला जोडली जाते. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या अवस्थेत अंगचं ग्राफिक्स पूर्ण बंद होतं आणि त्याच्याबरोबर क्विक सिंकही. स्विच हायब्रिडवर आणला, लॅपटॉप बंद-चालू केला, क्लिप पळायला लागल्या. आता झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात दादांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "खेळून झालं की हायब्रिड."

न सुटलेल्या दोन तक्रारी. चार्जर २३० वॅटचा, विटेएवढा, आणि तो लावल्याशिवाय पूर्ण जोर मिळत नाही. बॅटरीवर एक्स्पोर्ट लावायचा विचारही करायचा नाही. दुसरी, पंखा. एक्स्पोर्टच्या वेळी तो असा घोंघावतो की वधूपक्षाच्या खोलीत बसून एडिट करायची सोय उरली नाही. दादा आता स्टोअररूममध्ये, भांड्यांच्या शेजारी बसतात.

काय वेगळं करता आलं असतं

कॅमेऱ्याचं सेटिंग आणि लॅपटॉप एकत्रच बदलल्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला, हे सुटं करून सांगता येत नाही. सप्टेंबरमध्येच ४:२:० करून दोन-तीन कामं जुन्या लॅपटॉपवर काढली असती तर ते कळलं असतं, आणि कदाचित खरेदी उन्हाळ्यावर ढकलता आली असती. ढकलली असती तर फायदा होता. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने ५० मालिका जाहीर केली, तिची कार्डं एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीतलं ४:२:२ उलगडतात. त्याच वर्षी त्यांचे लॅपटॉप बाजारात आले. कॅमेऱ्यातली ती वाटणी करायचीच गरज उरली नसती आणि मक्स स्विचचा घोळही झाला नसता. दादांचं उत्तर असं की डिसेंबरमधल्या सेम डे एडिटच्या पैशांनी वाढीव वॉरंटीचा खर्च निघाला, तो थांबून कुठून निघाला असता? दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत. आज कुणी विचारलं तर मी ५० मालिकेचाच लॅपटॉप सुचवतो, पण ज्यांच्याकडे ४० मालिका आणि इंटेल आहे त्यांनी केवळ ४:२:२साठी तो विकू नये, असंही सांगतो.

रॅमच्या बाबतीत मात्र घाई फळली. दुसरी पट्टी तेव्हाच घातली नसती तर २०२५च्या अखेरीस कडाडलेल्या भावाने घ्यावी लागली असती.

४०५० घेऊन उरलेल्या पंधरा हजारांत स्टुडिओसाठी एक चांगला २७ इंची आयपीएस मॉनिटर घ्यायचा, हा पर्याय मी तेव्हा जरा जोर लावून मांडायला हवा होता असं आता वाटतं. १६ इंची स्क्रीनवर दादा वाकून बसतात आणि दुपारनंतर मान धरते. मॉनिटर आता यंदाच्या पाडव्याच्या यादीत आहे. धाकट्याने त्याचं मॉडेल आधीच निवडून ठेवलंय, १८० हर्ट्झचं. एसआरजीबी किती टक्के, ते अजून त्याने पाहिलेलं नाही.